माय जे बोलली ते आमच्या भाषेत नव्हतं

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो, आणि खरं सांगायचं तर करमणूक म्हणून वाचतो. कंपनीच्या कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी ते मोठ्याने वाचून दाखवायचो. कुणाला तरी पिंपळाखाली बाई दिसलेली असायची, कुणाची गाडी घाटात आपोआप बंद पडलेली असायची... आणि आम्ही सगळे हसायचो. आता मीच लिहायला बसलोय हे त्या मित्रांना कळलं तर पुढचे सहा महिने माझी धडगत नाही. म्हणून नावं बदलून लिहितोय. बाकी सगळं जसं घडलं तसंच आहे.

आम्ही मूळचे धुळे जिल्ह्यातले. वडील तरुणपणी सुरतला आले, पावरलूमवर लागले आणि लिंबायतमध्येच राहिले. माझा जन्म इथलाच. आम्ही बौद्ध, आणि वडील या बाबतीत फार कडक होते. नजर लागणं, उतारा, अंगात येणं – हे शब्दसुद्धा घरात उच्चारायचे नाहीत. लहानपणी गल्लीत एका बाईच्या अंगात आलं, तेव्हा आम्ही भावंडं बघायला धावलो होतो. वडिलांनी आम्हाला तिथून ओढत घरी आणलं. मारलं नाही, पण म्हणाले, "एका आजारी बाईचा तमाशा बघायला गेले होते तुम्ही. लाज वाटू द्या." ते माझ्या डोक्यात कायमचं बसलं. मी देव मानत नाही, भूत मानत नाही. इच्छापोरला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं तर कारण असतंच, ते सापडेपर्यंत शोधायचं – एवढंच मला कळतं.

इथे लिहिणारे बहुतेक जण सांगतात की त्यांना भीती वाटली. मला त्या दिवशी भीती अजिबात वाटली नाही. मला लाज वाटली. ती अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी मायबद्दल सांगायला हवं. माय म्हणजे माझी आई. वडील गेल्यावर ती आमच्याकडेच आहे. घरात मी, माझी बायको रूपाली आणि माय. माय फार बोलकी. सकाळी दात घासतानाच तिची अहिराणी सुरू व्हायची ती झोपेपर्यंत. भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी, गुजराती शेजारणींशी, सगळ्यांशी ती अहिराणीतच बोलायची आणि गंमत म्हणजे सगळ्यांना ते कळायचं.

मग तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूतला भाषेचा भागच दुखावलाय. तिला आपलं बोललेलं थोडंफार समजेल, पण बोलता येईलच असं नाही.

हॉस्पिटलमध्ये चौथ्या-पाचव्या दिवशी नर्स सलाईन बदलत होती. मी मायच्या उशाशी वाकून नेहमीप्रमाणे विचारत होतो, "माय, आठे देख. माले वळखस का?" मायने माझ्याकडे बघितलं, तोंडाचा चंबू केला आणि एक शिवी दिली. स्वच्छ, खणखणीत. इथे लिहिता येणार नाही अशी. वडील लूमच्या खडखडाटात कधी कधी ती द्यायचे. माय मात्र ती शिवी ऐकली की आमच्या कानावर हात ठेवायची. जन्मात तिच्या तोंडून अपशब्द निघाला नव्हता.

डॉक्टरांना हे नवीन नव्हतं. ते म्हणाले, असं होतं, नेहमीचं बोलणं जातं पण शिव्या वेगळ्या जागी असतात, त्या कधी कधी वाचतात. आम्हाला वाटलं, चला, एक शब्द आला तर बाकीचेही येतील. एक मॅडम घरी येऊन मायला बोलायचा सराव द्यायच्या. "पाणी म्हणा. पा... णी." माय डोळे मोठे करून त्यांच्या ओठांकडे बघायची, घामाघूम व्हायची, आणि शेवटी शिवी बाहेर पडायची. कित्येक महिने हे चाललं. "पाणी" काही आलं नाही.

भूक लागली की शिवी. आनंद झाला की शिवी. माझी बहीण जळगावहून भेटायला आली, तिच्या गळ्यात पडून माय रडली आणि रडता रडता तिला तीच शिवी देत राहिली. बहिणीबरोबर तिचे सासरे होते. ते चहा न घेता उठले.

त्यानंतर मी घरी कुणाला बोलावणं बंद केलं. कुणी आलंच तर मायच्या खोलीचं दार लोटायचं आणि टीव्ही लावून द्यायचा.

अशा घरात नीमा आली.

नीमा टांझानियाची. इथे समाजकार्याचं एम.ए. करायला आली होती, राहायला कॉलेजच्या हॉस्टेलवर. फील्डवर्कसाठी तिला लिंबायतमधली एक अंगणवाडी मिळाली, आणि त्या अंगणवाडीत रूपाली काम करते. पहिल्या दिवशी ती रूपालीबरोबर आमच्या गल्लीत शिरली तेव्हा गल्ली बाहेर येऊन बघत उभी राहिली. उंच, काळीसावळी, केसांच्या बारीक बारीक वेण्या. पोरं मागे मागे आली. पण तिचं नाव असं की आठवडाभरात ती सगळ्यांची नीमाबेन झाली. रिक्षावाल्याशी घासाघीस करायला ती शिकली, जाताना "आवजो" म्हणायला शिकली.

रूपालीने तिला दुपारी जेवायला घरी आणलं त्या दिवशी मी पाळीवरून लवकर आलो होतो. मायचं दार उघडं होतं! मी धावत लोटायला गेलो, तोवर नीमा आत जाऊन मायसमोर वाकून "नमस्ते" म्हणत होती. मायने तिला शिवी दिली.

नीमाला काय कळणार? ती हसली आणि तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "मैं अच्छी हूँ, आप कैसी हो?"

मायने पुन्हा शिवी दिली, जरा लांबवून.

"हाँ, बहुत गरमी," नीमा म्हणाली.

मी दारात उभा होतो. इतक्या महिन्यांत मायशी कुणी असं बोललं नव्हतं. आम्ही तिला प्रश्न विचारायचो, शब्द म्हणायला लावायचो. ही पोरगी नुसती गप्पा मारत होती. पुढे रूपालीने तिला शिवीचा अर्थ सांगितला. ती पोट धरून हसली, पण तिचं वागणं बदललं नाही. आठवड्यातून दोन-तीन दुपारी ती यायची, मायच्या पलंगाशी खाली बसून जेवायची. वरणबट्टी असली तर विचारूच नका. जेवून झाल्यावर कधी तिथेच जमिनीवर पंख्याखाली तासभर झोपायची. माय तिच्याकडे बघत बसायची.

नीमाबद्दल आम्हाला जे माहीत होतं ते थोडक्यात असं – आई ती लहान असतानाच गेली. त्यानंतर वडील तिला घेऊन डोंगरावरचं गाव सोडून मोठ्या शहरात आले. घरात स्वाहिली बोलायचे. एक मावशी अजून गावाकडे आहे. एवढंच. ती आईबद्दल फारसं बोलायची नाही आणि आम्ही विचारलं नाही.

दोन वर्षं गेली. परीक्षा झाली, तिचं परतीचं तिकीट आलं. रविवारी संध्याकाळच्या गाडीने मुंबई आणि तिथून विमान. तिने रूपालीला सांगितलं, कॉलेजमध्ये सेंडऑफ झालाय, पण मला तुमच्या घरून निघायचंय. अंगणवाडीच्या बायका येतील, तिच्या गाईड मॅडम येतील, शेजारच्या निर्मलामावशी आणि त्यांची सून पूजा येतील. रूपाली लगेच हो म्हणाली.

शनिवारी रात्री मी तिला म्हणालो, "मॅडम येणार आहेत. मायचं दार लावून ठेवू."

"काय बोलता तुम्ही?" रूपाली म्हणाली. "ती पोरगी दोन वर्षं मायशेजारी बसून जेवली. निरोप घ्यायला आली तर दार लावणार?"

"नीमाचं ठीक आहे गं. मॅडमसमोर माय ते बोलली म्हणजे? आणि निर्मलामावशी. उद्या सगळ्या लिंबायतमध्ये होईल."

"सगळ्या लिंबायतला ते केव्हाच माहीत आहे," ती म्हणाली आणि कणिक झाकून झोपायला गेली.

तरीही मी रविवारी दुपारी दार लावलंच. मायला पावडर लावून, स्वच्छ लुगडं नेसवून पलंगावर बसवलं, तिची सिरियल लावून दिली आणि कडी सरकवली.

माणसं जमली. बट्टी, वरण, वांग्याची भाजी. नीमाने रूपालीची हिरवी साडी नेसली होती, ती घोट्याच्या बरीच वर येत होती आणि त्यावरून हसणं चाललं होतं. मॅडम दोन शब्द बोलल्या. बायकांनी नीमाला ओटी भरल्यासारखं काय काय दिलं – पापड, कुरडया, एक स्टीलचा डबा. पूजा मोबाइलवर सगळं शूट करत होती. मी मनातल्या मनात घड्याळ बघत होतो.

जेवून झाल्यावर नीमाने मला विचारलं, "भैया, माय किधर?"

"सो रही है," मी म्हणालो.

आतून सिरियलचं संगीत ऐकू येत होतं. नीमा माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, स्वतःच कडी काढली आणि आत गेली. तिच्यामागे रूपाली, तिच्यामागे मॅडम, मग बाकी सगळ्या. मोबाइल वर धरून पूजा. एवढीशी खोली भरून गेली. मी सगळ्यांच्या कडेने पुढे घुसलो, कारण रिमोट टीव्हीजवळ होता.

नीमा पलंगासमोर गुडघे टेकून बसली. मायचा लुळा उजवा हात तिने दोन्ही हातांत घेतला. रूपालीने तिला शिकवलं होतं की निघताना आपण "जाते" म्हणत नाही. ती म्हणाली, "माय, मी येते हं."

मायने तिच्याकडे बघितलं. तिच्या तोंडाचा चंबू झाला.

तो चंबू मला चांगला ओळखीचा होता. आता येणार... मी मॅडमकडे बघितलं, त्या हसऱ्या चेहऱ्याने पुढे वाकल्या होत्या. मी रिमोट उचलला आणि आवाज वाढवला. पार शेवटपर्यंत. जाहिरात लागली होती, कुठल्या तरी साबणाची, आणि खोली त्या गाण्याने दणाणून गेली. मायचे ओठ हलत होते. शिवी एवढी लांब नसते हे माझ्या लक्षात आलं, तरी माझा अंगठा बटणावरून निघेना.

रूपालीने माझ्या हातातून रिमोट हिसकावला आणि टीव्ही बंद केला.

माय बोलत होती.

रविवार असल्याने मागच्या गल्लीतले लूमही बंद होते. इतकी शांतता लिंबायतला एरवी मिळत नाही. त्यामुळे ऐकण्यात चूक झाली म्हणावं तर तेही म्हणता येत नाही. आवाज मायचाच होता, थोडा घोगरा. पण शब्द... अहिराणी नाही, मराठी नाही, गुजराती-हिंदी नाही. बरळणंही नव्हतं. पक्षाघाताच्या पेशंटचं बरळणं मी हॉस्पिटलमध्ये भरपूर ऐकलंय, ते लगेच कळतं. हे सरळ वाक्य होतं. एखादी बाई घाईत सूचना देते, तसा त्याचा चढउतार होता. वाक्य संपलं. माय थांबली. तिने डावा हात उचलून नीमाच्या कपाळावरची वेणी मागे सारली आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली. त्याच्या शेवटी एक छोटा शब्द होता, हाक मारल्यासारखा.

नीमा रडली नाही. तिचा चेहरा पार लहान मुलीसारखा झाला होता. तिने एकाच शब्दात उत्तर दिलं, अगदी हळू. शाळकरी पोर "हो" म्हणते तसं. मग तिने मायच्या मांडीवर डोकं ठेवलं.

मॅडमनी इंग्रजीत विचारलं, "नीमा, ही स्वाहिली बोलतेय का? तू शिकवलंस?"

नीमाने डोकं न उचलता मान हलवली. "स्वाहिली नहीं है, मॅडम."

आणि मग निर्मलामावशींनी डोक्यावरून पदर घेतला. "माताजी आल्या गं बाई," त्या म्हणाल्या आणि मायच्या पायांवर कोसळल्या. आणखी दोघी वाकल्या. कुणीतरी कुंकू मागितलं. माझ्या घरात. वडिलांचा फोटो भिंतीवरून बघतोय आणि मायच्या पायाशी बायका डोकं टेकतायत.

"मावशी, उठा," मी म्हणालो. "उठा म्हणतो ना! आमच्यात हे चालत नाही. आजारी आहे ती."

मायने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि शिवी दिली. नेहमीची. मॅडमसमोर, सगळ्यांसमोर, खणखणीत.

"देवी कोपली," निर्मलामावशी पुटपुटल्या.

मी हात धरून एकेकीला बाहेर काढलं. मॅडमनाही. त्या काहीतरी विचारत होत्या, मी ऐकलं नाही. माझे कान तापले होते.

थोड्या वेळाने नीमा बाहेर आली. तोंड धुतलं होतं. साडी बदलून प्रवासाचे कपडे घातले होते. रिक्षा यायला वेळ होता म्हणून आम्ही तिघं ओट्यावर बसलो, मी, रूपाली आणि ती. रूपालीनेच विचारलं, "माय काय म्हणाली?"

नीमाने हिंदीत सांगितलं, थांबत थांबत. ती त्यांच्या डोंगरावरची भाषा होती, शांबा नावाची. तिचं गाव उतारावर, शाळा खाली. पावसाळ्यात पायवाट निसरडी व्हायची. तिची आई रोज सकाळी दारात उभी राहून सांगायची – वरच्या कडेने जा, खाली चिखल आहे, मागे बघू नकोस, मी दारातच आहे. रोज तेच. आई गेल्यावर ते वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिची ती भाषाच सुटली होती. मायने ते वाक्य म्हटलं तेव्हा अर्धा क्षण तिला ते समजलं नाही, मग एकदम समजलं.

"और वो आखिर में?" रूपालीने विचारलं. "हाक मारल्यासारखं?"

"मेरा नाम. घर का नाम." नीमा म्हणाली. "वो नाम मैं नहीं बताऊँगी, दीदी. सॉरी."

मी विचारलं, "तू कधी माय के सामने ये भाषा बोली? फोनवर? झोपेत?"

मी हे अशा सुरात विचारलं की जणू तिने काही फसवाफसवी केली होती. माझं मलाच ते ऐकू आलं.

"पता नहीं, भैया," ती म्हणाली. "मौसी से तो स्वाहिली में बात करती हूँ. नींद में शायद... पता नहीं."

रिक्षा आली. तिने रूपालीला मिठी मारली, मला हात जोडले. गल्लीतल्या बायका दारादारात उभ्या होत्या, पण आज कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे आमच्या खिडकीकडे होते. "आवजो" म्हणून ती गेली, तेव्हा उत्तर द्यायचंही बऱ्याच जणींना सुचलं नाही. दोन वर्षं आमच्यात राहिलेल्या पोरीचा निरोप असा झाला.

दुसऱ्या दिवशी मी पाळीवरून आलो तर दाराशी चपला. निर्मलामावशींच्या माहेरच्या तीन बायका नारळ घेऊन आलेल्या. एकीला मूल होत नव्हतं. रूपालीने त्यांना पाणी दिलं आणि समजावून परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी आणखी. पूजाने व्हिडिओ महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, लिंबायतमध्ये माताजींनी परदेशी मुलीला परदेशी भाषेत आशीर्वाद दिला. आमच्या विहारातले एक वडीलधारे गृहस्थ घरी आले. बसले, चहा घेतला आणि शांतपणे म्हणाले, "तुझे वडील असते तर त्यांना काय वाटलं असतं?" मी खाली मान घालून बसलो.

त्या संध्याकाळी मी निर्मलामावशींच्या घरी गेलो आणि पूजाला व्हिडिओ डिलीट करायला लावला. ग्रुपवरूनही. फोनमधल्या कचरापेटीतूनही काढायला लावला, माझ्यासमोर. ज्यांनी पुढे पाठवला होता त्यांच्याकडे दारोदार फिरलो, हात जोडले. दोघींशी भांडलो. आठवड्याभरात तो कुणाकडेच उरला नाही, निदान मला तरी पुन्हा दिसला नाही. मी स्वतः तो एकदाही नीट ऐकला नव्हता. ऐकायची इच्छाच नव्हती.

डॉक्टरांना मी विचारलं. सगळं नाही सांगितलं, एवढंच की पेशंटने ऐकलेली परकी भाषा तो बोलू शकतो का? ते म्हणाले, अशा पेशंटना कधी गाणं म्हणता येतं, पाठ असलेलं काही एकदम येतं, क्वचित ऐकलेलंही उमटतं. "कधी ऐकलं होतं त्यांनी?" मी म्हणालो, माहीत नाही. ते म्हणाले, "न ऐकता कसं येईल?" मीही तेच म्हणतोय. नीमा झोपेत बोलली असेल. दुपारी, पंख्याखाली. मायने ते ऐकलं असेल. ज्या मायला कित्येक महिन्यांत "पाणी" म्हणता आलं नाही, तिने ते पूर्ण वाक्य उचललं असेल, आणि नेमकं निरोपाच्या वेळी काढलं असेल. हे कारण मी स्वतःला रोज देतो. ते बसत नाही. मशीनचा चुकीचा नट जसा दोन आटे फिरतो आणि मग अडकतो, तसं.

माय त्यानंतर तशी बोललेली नाही. मी एका दुपारी तिच्याजवळ बसलो, दार लावून, आणि विचारलं, "माय, तू त्या दिवशी काय बोलनी व? कोणी सांगं तुले?" तिने माझ्या गालावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. बोलली काहीच नाही, शिवीसुद्धा नाही.

आणि एक कबूल करतो. मला त्या पोरीचा हेवा वाटला. दोन वर्षांहून जास्त आम्ही मायच्या तोंडाकडे डोळे लावून बसलो होतो. एक शब्द, माझं नाव, काहीही. आणि पूर्ण वाक्य आलं ते दुसऱ्याच्या लेकीसाठी. हे रूपालीलाही मी सांगितलेलं नाही. ती हे सदर वाचत नाही म्हणून इथे लिहितोय.

दीड-दोन महिन्यांनी नीमाचा फोन आला. ती गावाकडे मावशीला भेटून आली होती. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की हो, तुझी आई असंच म्हणायची, याच शब्दांत. आता तिथे पक्का रस्ता झालाय, चिखल नाही. मग नीमा थोडी अडखळली. म्हणाली, "भैया, एक बात पूछनी थी. माय ने पहले भी कुछ बोला था ना? जब टीवी चालू था?"

मी फोन घेऊन बाहेर ओट्यावर आलो.

"मैंने होंठ देखे थे," ती म्हणाली. "वो दूसरा कुछ था. रोज वाला नहीं. लंबा था. टीवी की आवाज में मुझे सुनाई नहीं दिया. पूजा दीदी का वीडियो है ना, वो भेज दो. मैं कान लगाके सुनूँगी."

आई गेली तेव्हा नीमा शाळेत होती. हे तिने मला त्या फोनवर पहिल्यांदा सांगितलं. शेवटचं काही बोलणं झालंच नव्हतं.

मी म्हणालो, व्हिडिओ नाहीये. पूजाचा फोन बिघडला. टीव्ही कुणी वाढवला होता, ते तिने विचारलं नाही. तिने पाहिलंही असेल, मी तिच्यासमोरच उभा होतो. ती एवढंच म्हणाली, "ठीक है, भैया. माय को प्यार देना."

हे का घडलं, कसं घडलं, मला आजही सांगता येत नाही. कुणाला अशा प्रकाराची खरीखुरी माहिती असेल, वैद्यकीय किंवा दुसरी कुठलीही, तर जरूर लिहा, मी वाचेन आणि हसणार नाही. पण आमचा पत्ता विचारू नका आणि कृपा करून कुणाला नारळ घेऊन पाठवू नका. माय कुणाच्या प्रश्नांची उत्तरं देत नाही. ती एकदाच बोलली. ते आमच्यासाठी नव्हतं, आणि जिच्यासाठी होतं तिलाही मी ते पूर्ण ऐकू दिलं नाही.